कुंडीचं पाणी, हॅस्केल आणि दोन किलोबाइट रॅम: एक प्रकरण अभ्यास

एक कुंडी, मातीत खोचलेला कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, ५ व्होल्टचा छोटा सबमर्सिबल पंप आणि एक आर्डुइनो युनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड). काम सरळ आहे. माती कोरडी पडली की पंप ४ सेकंद चालवायचा, मग १० मिनिटं थांबायचं (पाणी मुरून सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो) आणि मग पुन्हा बघायचं. त्यात दोन अटी आहेत. सेन्सरची वायर तुटली तर पंप लागता कामा नये, आणि वीज जाऊन आली तर कुंडी तुंबता कामा नये.

सी++ मध्ये हे पन्नासेक ओळींत होतं. पण अशा स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्रामला स्केच म्हणतात) पंप चालू आहे का, कधी सुरू झाला, शेवटचं रीडिंग काय, आता विसावा चालू आहे का, हे सगळं ग्लोबल व्हेरिएबलमध्ये पडलेलं असतं आणि कुठलीही ओळ ते बदलू शकते. पंप मध्येच फडफडायला लागला की नेमकं कोणी काय बदललं हे शोधणं जिकिरीचं होतं. या प्रकरणात तेच काम हॅस्केल या फंक्शनल भाषेत, आर्डुइनो-कोपायलट ही लायब्ररी वापरून केलं आहे. भाषेने काय सुटलं, वायरिंगने काय सुटलं आणि कुठे दोन्ही लागले, ते क्रमाने पाहू.

हॅस्केल बोर्डावर चालत नाही

युनोवर एटीमेगा३२८पी ही चिप आहे: १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश (त्यातला अर्धा किलोबाइट बूटलोडरचा), २ किलोबाइट रॅम. हॅस्केलचा रनटाइम आणि त्याचा गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) इथे मावण्याचा प्रश्नच नाही. युएलिस्पसारखा लिस्प भाषेचा इंटरप्रिटर युनोवर बसतो खरा, पण त्याचा एक सेल (मेमरीचा एक कप्पा) ४ बाइटचा, त्यामुळे हाती जेमतेम तीनशे सेल उरतात. प्रयोगाला ठीक, या कामाला अपुरे.

कोपायलटची वाट वेगळी आहे. विमानातल्या प्रणालींवर चालता चालता नजर ठेवण्यासाठी नासाच्या पाठबळावर गॅल्वा ही कंपनी आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस यांनी ही भाषा उभी केली; तिच्यावरचा पहिला शोधनिबंध २०१० चा. हॅस्केलचा प्रोग्राम संगणकावर चालतो आणि त्यातून सी भाषेतला (सी९९) कोड बाहेर पडतो, ज्याला लागणारी मेमरी आधीच ठरलेली असते. जोई हेस यांनी २०२० मध्ये याच पायावर आर्डुइनो-कोपायलट केलं. फाइल रनजीएचसी या हॅस्केलच्या कमांडने चालवली की त्याच नावाच्या फोल्डरमध्ये आर्डुइनोची स्केच तयार होते. ती आर्डुइनोच्या नेहमीच्या आयडीईत उघडून बोर्डावर चढवायची.

या भाषेत प्रत्येक गोष्ट स्ट्रीम असते: दर फेरीला एक किंमत. सेन्सर ही स्ट्रीम, पंपाची पिनही स्ट्रीम. व्हेरिएबल बदलायची सोयच नाही. मागच्या फेरीतलं काही लक्षात ठेवायचं तर एकच मार्ग आहे, `++`. त्याच्या डावीकडे सुरुवातीची किंमत लिहायची, उजवीकडे पुढच्या किमतींचा नियम. म्हणजे प्रोग्रामला कुठे कुठे स्मरण आहे हे पाहायचं तर फाइलमधली `++` मोजायची. या प्रोग्राममध्ये ती चार आहेत, आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या चारपैकी कुठल्या तरी एकाशी येऊन थांबतात.

जोडणी

युनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढू नये. ४० ही चिपची अंतिम मर्यादा आहे, वापरायची नव्हे. पंपाला साधारण २०० मिलिअँपिअर लागतात आणि सुरू होतानाचा झटका त्याच्या कित्येक पट असतो. म्हणून पंप मॉस्फेटमधून (पिनच्या व्होल्टेजवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालवायचा.

मॉस्फेट लॉजिक-लेव्हलचा, म्हणजे गेटवरच्या ५ व्होल्टलाही पूर्ण उघडणारा हवा, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन. नावात एकाच अक्षराचा फरक असलेला आयआरएफझेड४४एन घेऊ नये. त्याचा रेझिस्टन्स गेटवर १० व्होल्ट दिल्यावरचा सांगितलेला असतो. ५ व्होल्टवर तो पूर्ण उघडेल याची हमी नाही. पिन ९ पासून २२० ओहममधून गेटला जा. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहम टाका, म्हणजे बोर्ड रीसेट होत असताना, पिन कुणाच्याच ताब्यात नसते तेव्हा, पंप बंद राहतो. पंपाच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड उलटा, पट्टीची बाजू धन टोकाकडे. पंपाला ५ व्होल्ट १ अँपिअरचा वेगळा पुरवठा द्या आणि त्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा. दोन्ही पुरवठ्यांचं ग्राउंड एकत्र जोडायचं, पण पंपाचा करंट सेन्सरच्या ग्राउंड वायरमधून वाहणार नाही असं.

सेन्सरचं आउटपुट ए० ला. ए० आणि ग्राउंडमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर घाला. वायर तुटली की मोकळी अॅनालॉग पिन वाटेल ते आकडे दाखवते. हा रेझिस्टर ते शून्यावर आणतो आणि मगच तुटलेली वायर ओळखता येते. याच प्रकारच्या काही सेन्सर बोर्डांवर आतला १ मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला नीट जोडलेलाच नसतो, त्यामुळे रीडिंग फार हळू सरकतं. बाहेरचा रेझिस्टर तो दोषही दूर करतो.

कॅलिब्रेशन हा रेझिस्टर लावल्यानंतरच करायचं. एक रीडिंग हवेत, एक पाण्यात. पाण्यात सेन्सर फक्त छापील रेषेपर्यंत बुडवायचा, वरची इलेक्ट्रॉनिक्स कोरडी राहिली पाहिजे. इथे हवेत ५९० आणि पाण्यात २९० धरले आहेत. ओलावा वाढला की आकडा उतरतो, हे पुढे सतत लक्षात ठेवावं लागेल. मर्यादा दोन: ४८० च्या वर गेलं की कोरडं, ४३० च्या खाली आलं की ओलं. सेन्सरवर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असल्यामुळे आउटपुट त्याच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे आकडा ६७५ च्या पुढे जायला नको. त्यावरून १५० च्या खाली किंवा ७०० च्या वर काहीही आलं तर ते बिघाड समजायचं.

प्रोग्राम

एक फेरी ५०० मिलिसेकंदांची ठेवली आहे. त्यामुळे ४ सेकंद म्हणजे ८ फेऱ्या आणि १० मिनिटं म्हणजे १२०० फेऱ्या. खऱ्या फाइलमध्ये नावं रोमन लिपीत असतात. इथे नियम वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. कच्चं म्हणजे ए० चं रीडिंग, साठा म्हणजे गाळलेल्या रीडिंगची सोळापट, धाव आणि विसावा म्हणजे पंपाच्या आणि थांबण्याच्या उरलेल्या फेऱ्या, आणि बिघाड म्हणजे `ठीक` खोटं असणं.

`ठीक = कच्चं > १५० आणि कच्चं < ७००`
`साठा = [४६४०] ++ (धाव > ० किंवा बिघाड असेल तर साठा, नाहीतर साठा − साठा/१६ + कच्चं)`
`मागची = [खोटं] ++ तहान`
`तहान = साठा/१६ > ४८० तर खरं, साठा/१६ < ४३० तर खोटं, नाहीतर मागची`
`सुरू = तहान आणि ठीक आणि धाव = ० आणि विसावा = ०`
`धाव = [०] ++ (सुरू तर ८, धाव > ० तर धाव − १, नाहीतर ०)`
`विसावा = [१२००] ++ (धाव = १ तर १२००, विसावा > ० तर विसावा − १, नाहीतर ०)`
`पंप = धाव > ० आणि ठीक`

शेवटी पिन ९ ला `=:` ने पंपाची स्ट्रीम द्यायची आणि डिलेला ५०० मिलिसेकंद. फाइलच्या सुरुवातीला रीबाइंडेबल-सिंटॅक्सची सूचना विसरू नका. ती नसेल तर इफ-देन-एल्स स्ट्रीमवर चालत नाही आणि कंपायलर टाइपच्या लांबलचक तक्रारी करतो, ज्यांवरून खरं कारण ओळखू येत नाही.

गाळणी का अडकते

रीडिंग थरथरतं, म्हणून ते गाळून घ्यायचं. पहिला विचार असतो तो नव्या आणि जुन्या आकड्यातल्या फरकाचा सोळावा भाग जुन्यात मिळवायचा. पूर्णांकांत हे फसतं. फरक १५ वर आला की १५ भागिले १६ म्हणजे शून्य, आणि गाळणी तिथेच थांबते. खरं रीडिंग ४९० असेल तर गाळलेला आकडा खालून चढत ४७५ वर अडकतो आणि ४८० कधीच ओलांडत नाही. माती कोरडीठाक, पंप गप्प, आणि सिरीयलवर (बोर्डाकडून संगणकावर छापून येणाऱ्या मजकुरात) कच्चं रीडिंग मात्र बरोबर दिसतंय. हा दोष शोधायला लोकांना फार वेळ लागतो, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बरोबर वाटतो.

उपाय वरच्या नियमात आहे. सरासरी न साठवता तिची सोळापट साठवायची, म्हणजे अपूर्णांक हरवत नाही. अॅनालॉग रीडिंगचा टाइप १६ बिटांचा चिन्हासहित पूर्णांक आहे, कमाल ३२७६७. इथला साठा जास्तीत जास्त १६३८३ होतो, भरपूर जागा. सोळाऐवजी बत्तीस घेतलं तर साठा बरोबर ३२७६७ पर्यंत जातो, म्हणजे अगदी काठावर. चौसष्टला तो ओव्हरफ्लो होतो आणि ओलावा ऋण दिसू लागतो.

सुरुवातीचे ४६४० म्हणजे २९० गुणिले १६, पूर्ण ओली माती. इथे विचार न करता आकडा टाकणं महागात पडतं. आपला सेन्सर ओल्याला कमी दाखवतो, म्हणून शून्य टाकलं असतं तरी पंप लागला नसता. पण उलट्या दिशेच्या सेन्सरला तेच शून्य म्हणजे वाळवंट. सी++ मध्ये ग्लोबलची सुरुवात न लिहिता शून्य होते आणि कुणी त्याकडे बघत नाही. इथे ती लिहिल्याशिवाय प्रोग्रामच बनत नाही. आमच्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, शुद्ध फंक्शनांच्या कौतुकापेक्षा मोठा.

एका फेरीचा उशीर

प्रत्येक `++` एका फेरीने मागे असतं. विसावा सुरू करायची अट `धाव = १` अशी आहे, आणि ती वाचताना खटकते. धाव संपल्यावर विसावा सुरू व्हावा ना? म्हणून स्वाभाविकपणे असं लिहिलं जातं: मागची धाव १ होती आणि आताची ० आहे, तर विसावा १२०० कर.

आता फेऱ्या मोजू. फेरी २० ला धाव १ आहे. फेरी २१ ला धाव ० झाली, संपल्याचं कळलं, पण १२०० ही किंमत `++` मधून फेरी २२ लाच दिसणार. फेरी २१ ला धावही शून्य आणि विसावाही शून्य. तहान अजून खरी आहे, कारण पाणी मुरलेलं नाही. म्हणून `सुरू` खरं होतं आणि फेरी २२ पासून पंप पुन्हा आठ फेऱ्या चालतो. त्यानंतर विसावा ११९२ वर असल्याने तिसऱ्यांदा लागत नाही. परिणाम: दर वेळी ४ सेकंद, अर्ध्या सेकंदाचा खंड, पुन्हा ४ सेकंद. कुंडीत दुप्पट पाणी, आणि कानाला फक्त मोटर किंचित अडखळल्यासारखी वाटते.

बोर्डावर हे पकडायला कठीण, इंटरप्रिटरमध्ये सोपं. इनपुट जाहीर करताना त्याला चाचणीसाठी आकड्यांची यादी देता येते, आणि रनजीएचसीला आय हा पर्याय व फेऱ्यांची संख्या दिली की बोर्डाशिवाय दर फेरीचं आउटपुट छापून येतं. चाचणीपुरता विसाव्याचा सुरुवातीचा आकडा ३ करा, यादीत सगळीकडे ५६० भरा आणि ६० फेऱ्या चालवा. ओल्यापासून निघालेली गाळणी ४८० ओलांडायला एकोणीसेक फेऱ्या घेते, म्हणजे साडेनऊ सेकंद. त्यानंतर पंप सलग आठ फेऱ्या खरा दिसला पाहिजे, आणि मग शेवटपर्यंत खोटा. सतरा फेऱ्यांत दोनदा दिसला तर वरचाच दोष आहे.

तहान ठरवताना `मागची` ऐवजी चुकून `तहान` लिहिलं तर ती स्वतःवरच, त्याच फेरीत, अवलंबून राहते. असा गुंता कोड तयार होतानाच अडतो, बोर्डापर्यंत पोचत नाही. मात्र `धाव > ०` ही अट गाळली तर कुणीही अडवत नाही. धाव चिन्हरहित १६ बिटांची आहे. शून्यातून एक वजा केलं की ६५५३५. अर्ध्या सेकंदाच्या इतक्या फेऱ्या म्हणजे नऊ तासांहून जास्त. टाइप बरोबर, नियम बरोबर दिसतो, आणि पंप रात्रभर चालतो. म्हणून प्रत्येक वजाबाकीच्या आधी ती अट आहे की नाही हे डोळ्यांनी तपासायचं.

विश्रांती मोजायला काउंटर का, लांब `++` का नाही? स्ट्रीमच्या डावीकडे १२०० किमती ठेवून उशीर लिहिता येतो आणि वाचायला तो सुंदर दिसतो. पण तयार होणाऱ्या सी कोडमध्ये डावीकडच्या प्रत्येक किमतीला अॅरेत जागा मिळते: १२०० खरं-खोटं म्हणजे १२०० बाइट, वर इंडेक्सचे दोन. २०४८ पैकी निम्म्याहून जास्त रॅम एका उशिरात गेली. काउंटरला एकूण चार बाइट पुरतात.

जे भाषेला दिसत नाही

पंप आणि युनो एकाच पुरवठ्यावर ठेवले तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. अॅनालॉग वाचनाचा संदर्भ म्हणजे पुरवठ्याचाच व्होल्टेज. पंप लागताच तो ५ वरून ४.७ वर आला, तर रेग्युलेटरमागे बसलेल्या सेन्सरचं आउटपुट तेवढंच राहतं आणि मोजपट्टी आखडते. ५०० चं रीडिंग ५३२ दिसायला लागतं. म्हणजे पंप चालू असताना माती आणखी कोरडी दिसते, आणि हा ३२ चा फरक आपल्या ५० च्या हिस्टेरेसिसचा (४८० आणि ४३० या दोन मर्यादांमधल्या अंतराचा) बराच भाग खातो. कितीही शुद्ध फंक्शन लिहिलं तरी आत येणारा आकडाच खोटा आहे. म्हणून दोन बाजूंनी बंदोबस्त केला आहे: पुरवठा वेगळा, आणि साठ्याच्या नियमात धाव चालू असताना जुनीच किंमत धरून ठेवलेली.

याहून वाईट म्हणजे रीसेटचं चक्र. मोटरच्या झटक्याने व्होल्टेज जास्त पडला की बोर्ड रीसेट होतो. युनोवर ब्राउन-आउटची पातळी (जिच्याखाली चिप स्वतःला रीसेट करते) २.७ व्होल्टला ठेवलेली असते, पण १६ मेगाहर्ट्झवर चिपला साधारण ३.८ व्होल्ट तरी हवेत. मधल्या पट्ट्यात ती काय करेल सांगता येत नाही. रीसेटनंतर सगळी `++` सुरुवातीच्या किमतींवर जातात. विसावा शून्यापासून सुरू केला असता तर दहा सेकंदांत गाळणी चढली, पंप लागला, व्होल्टेज पडला, रीसेट, पुन्हा तेच, दिवसभर. विसाव्याची सुरुवात १२०० ठेवण्याचं कारण हे आहे. वीज कितीही वेळा गेली तरी दोन धावांत दहा मिनिटं राहतातच. चाचणीला हे कंटाळवाणं होतं, म्हणून आकडा ३ केला जातो. बोर्डावर चढवताना तो परत १२०० करायला विसरू नका.

सिरीयलवर छापणं फेरीच्या वेळेला सहसा धक्का लावत नाही, कारण ६४ बाइटांचा बफर मागे रिकामा होत राहतो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक अक्षर साधारण १ मिलिसेकंद घेतं. एका फेरीत बफरपेक्षा लांब मजकूर पाठवला की मात्र प्रोग्राम थांबून राहतो, फेरी लांबते, आणि फेऱ्यांवर मोजलेले ४ सेकंद ४ राहत नाहीत. कच्चं, गाळलेलं, धाव आणि विसावा एवढे चार आकडे पुरेसे आहेत.

बोर्डावरची चाचणी पंपाऐवजी एलईडी आणि रेझिस्टर लावून करा. सेन्सर हवेत धरा आणि एलईडी पेटली असताना ए० ची वायर उपसा. ती त्याच फेरीत विझली पाहिजे, आणि वायर परत लावल्यावर उरलेल्या फेऱ्यांपुरतीच पेटली पाहिजे. धाव काउंटर बिघाडातही उतरत राहतो, हे मुद्दाम आहे. नाहीतर सैल वायरमुळे एक धाव तुकड्या-तुकड्यांत तासभर लांबू शकते.

दुसरी कुंडी

इथे ही पद्धत मेहनत वसूल करून देते. वरचे सगळे नियम एका फंक्शनमध्ये घाला: आत इनपुट आणि दोन मर्यादा, बाहेर पंपाची स्ट्रीम. दोनदा बोलावलं की दोन स्वतंत्र साठे, दोन धावा, दोन विसावे तयार होतात. एकाचं व्हेरिएबल दुसऱ्याने बिघडवण्याची शक्यता उरत नाही. दोन्ही पंप एकदम लागू नयेत म्हणून दुसऱ्याच्या `सुरू` मध्ये पहिल्याची `सुरू` आणि धाव दोन्ही तपासायची, आणि पहिल्याच्या `सुरू` मध्ये दुसऱ्याची धाव. दुसऱ्याने फक्त धाव तपासली तर दोघांना एकाच फेरीत तहान लागल्यावर दोन्ही सुटतात, कारण पहिल्याची धाव पुढच्या फेरीलाच दिसते.

एवढं मात्र आहे की `साठा/१६` सारखी सूत्रं जितक्या ठिकाणी वापरली तितक्या वेळा सी कोडमध्ये पुन्हा लिहिली जातात. दोन कुंड्यांना काही जाणवत नाही. एकात एक खूप अटी गुंफल्या की फाइल झपाट्याने फुगते. तयार लायब्ररीही मोजक्याच आहेत. एखाद्या सेन्सरचा सी++ ड्रायव्हरच हवा असेल तर त्याची जोडणी स्वतः लिहावी लागते, आणि तेवढ्यासाठी ही पद्धत निवडू नये.

आणि ए१ वर दुसरा सेन्सर आला की पहिल्याचं रीडिंग त्यात मिसळू लागतं. युनोत अॅनालॉग कन्व्हर्टर एकच आहे, तो पिन बदलत फिरतो. चिपला १० किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टन्सचा स्रोत अपेक्षित आहे. हे सेन्सर त्याहून बरेच दुबळे असतात, त्यामुळे आतल्या कपॅसिटरवर आधीच्या पिनचा व्होल्टेज उरतो. सी++ मध्ये लोक दोनदा वाचून पहिलं रीडिंग टाकून देतात. इथे एका फेरीत एकच वाचन होतं, म्हणून प्रत्येक अॅनालॉग पिन आणि ग्राउंडमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, चिपच्या जितका जवळ बसेल तितका जवळ, आणि त्यानंतर दोन्ही सेन्सरांचं हवेतलं आणि पाण्यातलं रीडिंग नव्याने घ्यायचं.